पेट्रोलचे भाव आणि उतारावरची काटकसर

खाडीअलीकडचा: दापोलीहून गुहागरला आठवड्यातून तीनदा जावे लागते. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा त्याचा नारळ देऊन सत्कार करणेच काय ते बाकी राहिले होते. हल्ली टाकी भरताना मी आकड्यांकडे न पाहता माडांकडे पाहतो. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याचा माझा परिपाठ आहे. आणखी बचत कशी करावी?

जुना स्वार: आधी तो परिपाठ सोडावा. तुमची गाडी बीएस-६ या प्रदूषण-निकषाची, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची असेल, तर ती गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की उतारावर इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ते जवळजवळ तोडतोच, शिवाय इंजिन गाडीला आवरूनही धरते. मी तुमच्यासारखे इंजिन बंद करून दहा रुपये वाचवले आणि घाट उतरेपर्यंत मागच्या ब्रेकचे लायनर जाळून बसलो. टायरमधली हवा मात्र दर आठवड्याला तपासावी.

धक्क्यावरचा: दाभोळ ते धोपावे फेरीबोटीने गेल्यास वाशिष्ठीच्या खाडीचा चिपळूणमार्गे पडणारा वळसा वाचतो. बोटीत स्टँडवर उभी असलेली गाडी जे मायलेज देते, ते कोणत्याही कंपनीने अजून जाहिरातीत छापलेले नाही.

काजूवाला: मी मागे शेजाऱ्याला बसवतो आणि खर्च निम्मा वाटून घेतो. तो आपला वाटा ओल्या काजूगरांत देतो, एवढीच अडचण. पंपावर ते घेत नाहीत.

खाडीअलीकडचा: काजूगर आमच्याकडे चालतील. शेजारी कधी पाठवता?