मदत हवी आहे: आंबेमोहोरचा वास शिजल्यावर गायब होतोय

मंडळी, जरा सल्ला हवाय. मागच्या महिन्यात एका दुकानातून ५ किलो आंबेमोहोर आणला, पिशवी उघडली की घमघमाट, इतका की शेजारच्या काकू विचारत आल्या, पण कुकरची शिट्टी होऊन झाकण काढलं की काहीच नाही, साधा कोलम बरा. आणि तांदूळ धुतला की पहिल्या पाण्यालाच सगळा वास, दुसऱ्या पाण्यापासून संपलं. मला तर एसेन्स मारल्याचा डाउट येतोय.

थोडं वाचलं तर कळलं की बासमती, आंबेमोहोर या सगळ्यांचा वास मुख्यतः टू-असिटाइल-वन-पायरोलिन नावाच्या एकाच द्रव्याचा, पॉपकॉर्नलाही तोच वास असतो म्हणे. दाण्याच्या आतच असतो, त्यामुळे खऱ्या तांदळाचा वास एका धुण्यात असा जायला नको ना? पण हे उडून जाणारं द्रव्य आहे, तांदूळ जुना झाला की कमी होतं, मग माझाच तांदूळ जुना असेल का?

सध्या जुगाड म्हणून कुंडीतल्या बासमतीच्या पानाचा (तांदळाचं नव्हे, केवड्याच्या जातीतलं झाड, त्यातही हेच द्रव्य) एक तुकडा गाठ मारून भातात टाकतेय, वास येतो, पण आजीच्या गुरगुट्या भाताची सर नाही.

तर घरच्या घरी एसेन्स ओळखायची काही ट्रिक आहे का? आणि मुळशी-भोरकडचं कोणी असेल तर सांगा, नवा तांदूळ कधी घ्यायचा आणि वास टिकवायला कसा ठेवायचा, डब्यात की फ्रीजमध्ये?