भाड्याची लेन्स ग्राहकाने पुसावी का, आणि चरा पडल्यास भरपाई कोणी द्यावी?

मूळ प्रस्ताव

एका लग्नाच्या कामासाठी मी ७०-२०० मिलिमीटरची लेन्स दोन दिवसांकरिता भाड्याने घेतली होती. परत करताना दुकानदाराने पुढच्या काचेवर तिरपा टॉर्च धरून केसासारखे तीन चरे दाखवले आणि माझ्या अनामत रकमेतून बरीच मोठी रक्कम कापून घेतली. लेन्स मी पुसली होती, हे मी नाकारत नाही. ऐन विधीच्या वेळी एका लहान मुलाचे बोट काचेच्या मधोमध लागले आणि तो तेलकट ठसा तसाच ठेवला असता, तर समोरच्या दिव्यांमुळे प्रत्येक फोटोवर धुरकट पडदा आला असता. लेन्स वापरायला दिली, म्हणजे ती पुसण्याची मुभाही त्यातच आली, असे माझे मत आहे. शिवाय माझ्या हातात देताना कोणीही टॉर्च लावला नव्हता. मग हे चरे आधीच्या ग्राहकाचे नाहीत, हे मी कसे सिद्ध करायचे?

प्रतिसाद १

मी स्वतः लेन्स भाड्याने देतो आणि मला हे मान्य नाही. पुसण्याची मुभा म्हणजे हाताला लागेल त्या कापडाने पुसण्याची मुभा नव्हे. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते बहुतेक लेन्सच्या काचेपेक्षा कठीण असतात, आणि काचेवरच्या कोटिंगचा, म्हणजे चकाकी रोखणाऱ्या लेपाचा, एकेक थर साधारण मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकाच जाड असतो. आधी ब्लोअरने, म्हणजे हवेचा झोत सोडणाऱ्या रबरी फुग्याने, धूळ न उडवता कापड फिरवले, की कापडाखाली अडकलेला कण प्रत्येक फेरीबरोबर काचेवर ओढला जातो. काही जण तर काच पुसायचे द्रावण कापडावर न घेता थेट काचेवरच टाकतात. ते कडेच्या फटीतून आत उतरते आणि मग लेन्स उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ग्राहकाने ब्लोअरच्या पुढे जाऊच नये आणि डाग असेल तर तो तसाच घेऊन परत यावे. त्याबद्दल मी कधीही पैसे कापलेले नाहीत.

प्रतिसाद २

‘डाग घेऊन परत या’ हे दुकानात बसून म्हणणे सोपे आहे. विधी कोणासाठी थांबत नाही. तुम्हाला लेन्सची एवढी काळजी असेल, तर तिच्या पिशवीत ब्लोअर, स्वच्छ मायक्रोफायबर कापड आणि पुसण्याची पद्धत लिहिलेला कागद का नसतो?

दुसरे असे, की पुढच्या काचेवरचे दोन-तीन बारीक चरे फोटोत सहसा दिसत नाहीत, कारण ते फोकसच्या पार बाहेर असतात. प्रकाश समोरून आला तरच काही फरक जाणवू शकतो. मागच्या काचेवरचा चरा मात्र खरोखर नडतो. दोन्हींना एकाच मापाने पैसे लावणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

फोटोत दिसत नाही म्हणून नुकसान झालेच नाही, असे कसे म्हणता येईल? पुढचा ग्राहक टॉर्च लावून पाहतो आणि तीच लेन्स नाकारतो. विकायला काढली तर भावही पडतो. पिशवीत ब्लोअर देण्याची सूचना मात्र रास्त आहे. देताना दोघांनी मिळून टॉर्चखाली काच तपासावी आणि तिचे फोटो काढून ठेवावेत, हेही मला मान्य आहे. ज्या दुकानदाराने ते केले नाही, त्याने जुना चरा नव्या ग्राहकाच्या माथी मारू नये.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. माझ्याजवळ ब्लोअर नव्हता. मी खिशातल्या रुमालाने ठसा पुसला, तोही घाईत, गोल-गोल घासून. एखादा चरा त्यामुळे पडला असेल, तर त्याचे पैसे द्यायला मी तयार आहे. पण तिन्ही चऱ्यांचे पैसे माझ्याकडून घ्यायचे असतील, तर लेन्स माझ्या हातात आली तेव्हा ती काच निर्मळ होती, एवढे तरी दुकानदाराने दाखवावे. त्याच्याकडे तसा एकही फोटो नाही आणि म्हणून कापलेल्या रकमेतला मोठा भाग मी परत मागणार आहे.