‘वुई आर इन अ पिकल’ म्हणजे नक्की काय?

ऐरोलीकर: काल कॉलवर क्लायंट बोलला ‘वुई आर इन अ पिकल’, मी आपलं हो हो केलं पण डोळ्यासमोर आईची बरणीच आली. लोणच्याचा न अडचणीचा काय संबंध?

नौपाडा_काका: अरे म्हणजे गोत्यात आलोय, पेचात सापडलोय. मूळ डच शब्द पेकेल, म्हणजे खारं पाणी, मासे-मांस टिकवायचं. कैरीला मीठ चोळून ठेवली की रात्रीत पाणी सुटतं बघ, त्यात गळ्यापर्यंत बुडालेली फोड म्हणजे तुझा क्लायंट 😄

घोडबंदरची_मी: शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्येपण आहे हे, 1611 च्या सुमाराचं नाटक. राजा विचारतो तू या पिकलमध्ये कसा काय, पण तिथे तो गडी चक्क पिऊन टाइट असतो, त्यामुळे आजचा अर्थ तिथे तंतोतंत बसत नाही असं मला वाटतं.

ऐरोलीकर: भारीच! आपलं लोणचंपण लवणावरूनच ना, म्हणजे दोन्हीकडे मीठच. फक्त आपण ‘काय लोणचं घालायचंय का त्याचं’ म्हणतो ते वापराविना पडलेल्या वस्तूला. क्लायंटला हे कसं सांगू आता 😂