मदत हवी आहे: 'रिफिफी'चा शेवट नीट समजावून सांगाल का?

काल रात्री १९५५चा 'रिफिफी' हा फ्रेंच चोरीपट बघितला आणि शेवट काही केल्या डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी पुढे वाचू नका प्लीज. कमी बजेटमध्ये, मोठे स्टार न घेता दिग्दर्शक ज्युल्स दासँनी काय जबरदस्त बनवलाय, ती दागिन्यांच्या दुकानातली चोरी जवळपास अर्धा तास ना डायलॉग ना म्युझिक, मी श्वास रोखून बघत होते.

तर प्रश्न असा, चोरांचा म्होरक्या टोनीला गोळी लागलीये, रक्त वाहतंय, तरी तो दवाखान्यात न जाता उघड्या गाडीतून मित्राच्या पोराला घरी पोचवायला सुसाट निघतो, आणि पोरगं आपलं खेळण्यातली बंदूक घेऊन मजेत! तिथे मला रडूच आलं. दारात आई पोराला उचलते आणि पैशांची बॅग तशीच गाडीत सोडून जाते. तिला पैसे नकोच होते, की त्या क्षणी भानच नव्हतं? आणि टोनी हे सगळं आपल्याच टोळीतल्या सीझरला मारल्याचं ओझं उतरवायला करतो की फक्त मित्राच्या पोरासाठी? मूळ कादंबरी ऑग्युस्त ल ब्रतोंची आहे, कुणी वाचली असेल तर त्यात शेवट असाच आहे का तेही सांगा ना.