लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावणाऱ्यांनो, जरा थांबा

सुईवाला: ‘आवडती तबकडी आणि तिची आठवण’ या धाग्यावर परवा कुणीतरी सल्ला दिला: आजोबांच्या काळच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या स्पिरिटने पुसा, नव्यासारख्या वाजतात. खाली अंगठ्यांची रांग! अहो, ती तबकडी लाखेची. स्पिरिटात लाख विरघळते, पॉलिशवाला रोज तेच करतो. कापूस काळा झाला म्हणून खूश होऊ नका. मळ नाही, गाणं निघालंय.

डिस्टिल्ड वॉटर घ्या. लिटरभर पाण्याला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्डने धुऊन लगेच टिपा, उभी वाळवा. भिजत घालू नका. तडा असेल तर पाणीच नको, आत शिरतं.

खरखर_प्रेमी: आठवणींच्या धाग्यात केमिस्ट्रीचा तास! खरखरीशिवाय बालगंधर्व हवेत तर मोबाईलवर ऐका की. लोक तबकडीत घर ऐकतात, गाणं नाही. आणि एलपीला चालतंच ना स्पिरिट?

सुईवाला: एलपी विनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची. तिला पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. तुमच्या लाडक्या खरखरीतली निम्मी चुकीच्या सुईची असते. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ला ७५ लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली धूळ वाजवते. चावीच्या फोनोवर तर पोलादी पिन एका बाजूला एक. लाखेतली दगडाची पूड पिन घासून खाचेच्या मापाची करते. तीच पिन पुन्हा लावलीत की तिची धार खाच कापणार.

काळी_एक: सुई राहू द्या, वेगाचं बोला. जुनी मुद्रणं सगळी ७८लाच झाली असं कुणी सांगितलं? ८०ला मुद्रित झालेली ७८वर लावा, पेटीच्या काळी एक पट्टीतलं गाणं पांढरी एक आणि काळी एकच्या मधोमध लटकतं. आणि त्यावर लोक ‘बुवांची पट्टी’ वरून भांडतात!

तंबोरा: स्ट्रोबची चकती ठेवा, फिरताना दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, प्रश्न मिटला. उगाच बाऊ.

काळी_एक: कुठली चकती? नेटवरून छापलेली बहुधा अमेरिकन, ९२ रेघांची, तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी. आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ती ६५ फेऱ्यांना स्थिर दिसते. आपल्याला ७७ रेघांची लागते. बघायची निऑनच्या दिव्याखाली, कारण पुष्कळ एलईडी लुकलुकतच नाहीत. आणि सुई टेकवून बघा, तिच्या ओझ्याने वेग पडतो. एवढं करून कळतं काय, तर तुमचं यंत्र किती फिरतं. मुद्रण कितीला झालं ते नाही!

तंबोरा: मग साथीच्या पेटीवरून ठरवा.

काळी_एक: त्या काळची पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरालाच लावलेली होती, हे तुम्हाला पेटीने सांगितलं का?

सुईवाला: सुरुवातीच्या तबकड्यांत शेवटी गायक आपलं नाव पुकारतात, गौहरजानच्या १९०२च्या तबकड्यांसारखं. छपाई जर्मनीत हॅनोवरला व्हायची, तिथल्यांना गाणारं कोण ते कळावं म्हणून. तो बोलण्याचा आवाज माणसासारखा वाटेपर्यंत वेग हलवा. पट्टीपेक्षा बरा अंदाज येतो.

तंबोरा: म्हणजे अखेर कानच. एवढी ७७ रेघांची वरात कशाला काढली मग?

काळी_एक: यंत्र आधी स्थिर फिरायला हवं म्हणून! वाचता का नुसतेच टंकता?

खरखर_प्रेमी: धागा आठवणींचा होता, पंडितांनो. असो. स्पिरिटचं मान्य, नाइलाजाने. खरखर मात्र सोडणार नाही. ब्रश कसला म्हणालात?

सुईवाला: बोटाला टोचणार नाही असा. टूथब्रश नको!