प्रतिसाद: सूचनापेटी रिकामी का राहते

कारखान्यात कामगारांसाठी ठेवलेली सूचनापेटी महिन्यातून एकदा उघडायची आणि सर्वोत्तम सूचनेला मोठं बक्षीस द्यायचं, हा प्रस्ताव मला पटत नाही. पेटी रिकामी राहते ती उत्तर न मिळाल्यामुळे. दोन चिठ्ठ्या टाकून काहीच कळलं नाही, की तिसरी कोण लिहिणार? आणि मोठ्या बक्षिसाने "कल्पना मूळ कोणाची" हे भांडण लागतं. टोयोटाने 1951 साली सूचना योजना सुरू केली. तिथे भर असतो तो भरपूर, छोट्या सुधारणांवर.

मशीन शॉपमध्ये असं करून बघा. लाइनजवळच फळा लावा, चार रकाने: सूचना, चाचणी चालू, लागू, नाकारली (कारणासह). शिफ्ट सुरू होताना त्यासमोर दहा मिनिटं उभं राहून बोला. सुपरवायझरने 48 तासांत उत्तर द्यायचंच, मग ते "नाही" असलं तरी चालेल. हजार-दोन हजारांपर्यंतचा खर्च त्याला वर न विचारता करता आला पाहिजे, नाहीतर पाना टांगायच्या साध्या हुकासाठीही फाइल फिरते. चाचणी सूचना देणाऱ्यानेच, मेंटेनन्सच्या मदतीने करावी. आधीचा-नंतरचा फोटो आणि सेटिंगची (मशीन पुढच्या कामासाठी तयार करायला लागणारी) मिनिटं फळ्यावर लावा.

सर्वांत जास्त चुकतं ते पुढे: सुधारणा झाली तरी कामाची लेखी पद्धत बदलत नाही, मग रात्रपाळी जुन्याच रीतीने काम करते.

आणि वाचलेल्या वेळेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, हे व्यवस्थापनाने आधीच लेखी द्यावं. कंत्राटी कामगारांनाही.