दादाने दारू एकदम बंद केली, आता हात थरथरतायत. घरीच ठेवू का दवाखान्यात नेऊ?

धाकटी_बहीण:
दादा बरीच वर्षं रोज पितो, हल्ली तर सकाळी उठल्या उठल्या लागायची. काल दुपारी घरात वाद झाला आणि त्याने शपथ घेतली की आता थेंबही नाही. पण रात्रीपासून हात इतके कापतायत की पाण्याचा ग्लास धरता येत नाहीये, घामाने अंग भिजलंय, दोनदा उलटी झाली, झोप नाही, छातीत धडधडतंय म्हणतो. आई म्हणते अंगातली दारू निघतेय, दोन-तीन दिवस कळ काढू दे. वहिनी म्हणते थोडी पाजूया. मला काहीच सुचत नाहीये, झोपेची गोळी दिली तर चालेल का?

वॉर्डातली_ताई:
आजच ने गं, वाट बघू नकोस. मी नर्स आहे, असे पेशंट नेहमी बघते आणि सगळ्यात वाईट अवस्थेत येतात ते हेच, घरच्यांनी दोन-तीन दिवस कळ काढायला लावलेले. रोजच्या दारूने मेंदू सतत दाबलेला असतो, तो त्या दाबाविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो, आणि दारू अचानक गेली की तो जोर तसाच राहतो म्हणून थरथर, घाम, धडधड. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हे सुरू होतं. फिट बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते, आणि खरा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, माणूस बरळायला लागतो, कुठे आहे ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. त्याला डीटी म्हणतात, उपचार नाही झाले तर जीव जातो. म्हणजे आई म्हणतात ते दोन-तीन दिवसच सगळ्यात वाईट.

झोपेची गोळी मनाने देऊ नकोस. दवाखान्यात याच कामाच्या गोळ्या देतात, पण नाडी, बीपी, लिव्हर बघून डोस ठरवतात आणि रोज कमी करत नेतात. पाजून घरी बसवणं हाही उपाय नाही. आणि तिथे गेल्यावर किती प्यायचा, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, हे लपवू नका, घरचे लाजेने निम्मंच सांगतात. थायमिन म्हणजे बी १ च्या इंजेक्शनबद्दल स्वतःहून विचार, पिणाऱ्यांमध्ये ते कमी असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

वाटेत फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही.

आता_पीत_नाही:
ताईंनी सांगितलंय ते अगदी खरं. मी हे भोगलंय. पहिल्यांदा सोडली तेव्हा नुसता घाम आणि चिडचिड, मग परत सुरू, परत बंद, आणि पुढच्या एका वेळी सरळ फिट. दर वेळी त्रास वाढत जातो हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, त्यामुळे मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून आताही होणार नाही असं धरून चालू नका. एक विनंती, त्याला टोमणे मारू नका. त्या थरथरीचा मनाच्या जोराशी काही संबंध नाही, माझा निश्चय पक्का होता तरी हात कापतच होते.

धाकटी_बहीण:
नेलं. ॲडमिट करून घेतलंय, नाडी खूप जास्त होती. थायमिनचं विचारलं, इंजेक्शन दिलं. आई अजून रडतेय पण तिला पटलंय. एक विचारायचं होतं, शेजारच्या काकूंनी जेवणात गुपचूप घालायची पावडर सांगितलीय, पुन्हा पिऊ नये म्हणून. नंतर देऊ का?

वॉर्डातली_ताई:
बरं केलंस, खूप हायसं वाटलं. पावडर अजिबात नको. त्यात बरेचदा डायसल्फिरॅम असतं, ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येऊ शकतं, आणि त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, कुठलं चालेल ते लिव्हर-किडनी बघून ठरेल. आत्ताचे उपचार म्हणजे नुसती दारू अंगातून सुखरूप बाहेर काढणं, व्यसनाचं काम त्याच्यानंतर सुरू होतं. तेव्हा डिस्चार्जच्या आधीच सायकियाट्रिस्टची पुढची तारीख घेऊन ठेव, घरी गेल्यावर बघू म्हटलं की ते राहूनच जातं.